लाव्ह्याची बेटे आणि भरतीची वेळ

मुंबई बंदरातील घारापुरी हे ज्वालामुखीच्या खडकाचे बेट आहे. सहाव्या शतकाच्या सुमारास ज्या काळ्या कातळात शैव लेणी कोरली गेली, तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वर आलेल्या लाव्ह्याचा आहे. बेलापूरच्या धक्क्यावरून निघालेली बोट पनवेल खाडीच्या मुखातून बाहेर पडली की मागे पारसिकची रांग, उजव्या हाताला तुर्भ्याचा डोंगर, डावीकडे न्हावा आणि समोर घारापुरी असा देखावा उलगडतो. हे सारे डोंगर आणि बेटे त्या एकाच अग्निकांडाचे अवशेष आहेत. ज्वालामुखीची बेटे आणि त्यांच्यावरचे वन्यजीव पाहायला माणसे जहाजाने गालापागोसपर्यंत जातात. तशाच खडकाचे, पण वयाने फार थोर झालेले बेट नवी मुंबईच्या धक्क्यापासून थोड्याच अंतरावर आहे आणि त्याच्या भोवतीचे पाणी दर हिवाळ्यात लाखभर रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पक्ष्यांना पोसते.

दख्खनचे पठार घडवणारा लाव्हा एका शिखरातून उसळला नाही. लांबच लांब भेगांतून तो पुन्हा पुन्हा बाहेर पडला, पसरला, थिजला, आणि त्यावर पुढचा थर चढला. आज उरलेला विस्तारच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर हे थर जवळजवळ आडवे दिसतात, तर पनवेलच्या परिसरात ते पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने कलतात. भूविज्ञानात या कलाला पनवेलचेच नाव मिळाले आहे. मुंबईच्या काही भागांत उशीसारखे गोलसर फुगलेले लाव्ह्याचे गोळे सापडतात. तसा आकार लाव्हा पाण्यात शिरून झटकन थिजला तरच येतो. म्हणजे त्या काळी इथे तळी किंवा उथळ पाणी होते. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी हा याच घडामोडींतून उभा राहिलेला, साठ मीटरच्या आसपास उंचीचा खडकी खांबांचा जुडगा आहे.

वन्यजीवांच्या दृष्टीने मुंबईच्या खडकातला सर्वांत बोलका पुरावा वरळीचा आहे. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या थरांमध्ये गाळाचा एक थर दडला आहे, आणि त्या गाळात लहान बेडकांचे सांगाडे सापडले. रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. आज ती प्रजाती इंडोबॅट्राकस पुसिलस या नावाने ओळखली जाते. दोन उद्रेकांच्या मधल्या शांततेत तिथे पाणी साचले, गाळ बसला, पाण्यात किडे आले, बेडूक आले, आणि मग पुढच्या लाव्ह्याने सगळे झाकले. आग थांबली की जीव परत येतो आणि आग पेटली की तो पुसला जातो. वरळीच्या बेडकांनी हे नोंदवून ठेवले आहे. जगातली तरुण ज्वालामुखी बेटे आज याच नोंदीची पुढची पाने लिहीत आहेत.

नव्या लाव्ह्यावर जीव कसा पोहोचतो याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण इंडोनेशियातील क्राकाटोआचे आहे. १८८३ च्या स्फोटात बेटाचा मोठा भाग नाहीसा झाला आणि उरलेला राखेखाली गेला. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तिथे गेलेल्या निरीक्षकांना शोधूनशोधून एकच सजीव सापडला, तो म्हणजे एक लहानसा कोळी. कोळ्याची पिल्ले रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर तरंगत जातात, म्हणून तो पहिला पोहोचला. त्यामागून वाऱ्याने येणारी नेच्यांची बीजुके येतात, लाटांवर तरंगणारी समुद्रकाठच्या झाडांची फळे येतात, आणि पक्ष्यांच्या पोटातून उंबरकुळातली बीजे येतात. पंख नसलेला, खारे पाणी न सोसणारा प्राणी अशा बेटावर स्वतःहून क्वचितच पोहोचतो. दूरच्या ज्वालामुखी बेटांवर बेडूक आणि मोठे सस्तन प्राणी सहसा का नसतात आणि पक्षी व सरपटणारे प्राणी का असतात, याचे उत्तर या प्रवासात आहे. गालापागोसला १८३५ मध्ये चार्ल्स डार्विन यांना जे दिसले त्याच्या मुळाशीही कोण पोहोचू शकले आणि कोण नाही, हाच प्रश्न होता.

भारतात असे तरुण बेट एकच आहे. बॅरन बेट श्रीविजयपुरमच्या, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला सुमारे १३५ किलोमीटरवर समुद्रातून वर आलेले आहे. ते जेमतेम तीन किलोमीटर रुंद आणि साडेतीनशे मीटरच्या आसपास उंच आहे, पण त्याचा पाया पाण्याखाली दोन हजार मीटरहून खोल गेलेला आहे. भारतीय भूपट्ट पूर्वेकडच्या भूपट्टाखाली सरकतो, खोलवर खडक वितळतो आणि तो वितळलेला रस या वाटेने वर येतो. उद्रेकाची पहिली नोंद १७८७ ची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धानंतर दीडशेहून अधिक वर्षे ज्वालामुखी निजला होता. १९९१ मध्ये तो जागा झाला, १९९४-९५ मध्ये पुन्हा पेटला आणि २००५ पासून तर वारंवार धुमसतो आहे. बेटावर उतरण्याची पर्यटकांना मुभा नाही. बोट बेटाला वळसा घालते आणि पाहणारा राखेचा उतार, थिजलेल्या लाव्ह्याची काळी जीभ समुद्राला जिथे भिडते ती जागा, आणि जुन्या विवराच्या कड्यावर तग धरून राहिलेली झाडी पाण्यावरूनच पाहतो.

बॅरन बेटावर रानटी झालेल्या शेळ्याही आहेत. त्या पोहत आल्या नाहीत. जहाजाने आणून सोडलेल्या शेळ्यांचा तो वंश आहे. वादळात सापडलेल्या किंवा जहाज फुटलेल्या नाविकांना अन्न मिळावे म्हणून निर्जन बेटांवर शेळ्या सोडण्याची दर्यावर्दींची जुनी रीत होती. हेतू दयेचा होता, परिणाम मात्र बेटांना जाचक ठरला. चरणारा एकही प्राणी नसलेल्या जागी वाढलेल्या वनस्पतींना काटे, कडवटपणा यांसारखे बचाव फारसे नसतात आणि शेळी कोवळे रोप आधी खाते. बेटावर मोहीम घेऊन जाणाऱ्या प्रत्येकाने हा इतिहास लक्षात ठेवायला हवा, कारण बोटीतून उतरणारा पाहुणा आपल्या चपलेच्या चिखलातून, डब्यातून आणि पिशवीतून काय नेतो याचा हिशेब शेळ्यांच्या हिशेबासारखाच चालतो.

बॅरनच्या उत्तरेला नारकोंडम आहे. हाही ज्वालामुखीच, पण विझलेला किंवा फार दीर्घ झोपेत गेलेला. बेट अवघे ६.८ चौरस किलोमीटरचे असून त्याचे शिखर सातशे मीटरच्या वर जाते. बॅरन उघडेबोडके आणि नारकोंडम गर्द हिरवे, एवढाच फरक जहाजावरून आधी दिसतो. दोन बेटांच्या वयातला आणि शांततेतला फरक या एका नजरेत कळतो. मग झाडांच्या शेंड्यांवरून पंखांचा मोठा आवाज करत धनेश उडताना दिसतात. नारकोंडमचा धनेश पृथ्वीवर या बेटाखेरीज कुठेही राहत नाही. कोकणातल्या मोठ्या धनेशापेक्षा तो बराच लहान असतो. नराचे डोके आणि मान तांबूस, मादी काळी, शेपटी दोघांची पांढरी. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी १८७३ च्या मार्चमध्ये बंगालच्या उपसागरातील बेटांची सफर केली आणि त्याच वर्षी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेले ह्यूम हेच.

एवढ्याशा बेटावर असा मोठा, फळे खाणारा पक्षी टिकतो कसा, हा प्रश्न शंभर वर्षे अभ्यासकांना खुणावत राहिला. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे एस. ए. हुसेन यांनी १९७२ च्या पाहणीवरून बेटावर सुमारे चारशे धनेश असावेत असा अंदाज केला. त्यानंतर रोहित नानिवडेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा आकडा हजाराच्या आसपास आला, म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे दीडशे धनेश. जगात कुठल्याही धनेशाची एवढी दाटी नोंदलेली नाही. कारण फळझाडांत आहे. उंबरकुळातली झाडे बेटावर भरपूर आहेत, ती वर्षभर आळीपाळीने फळतात आणि धनेशांशी स्पर्धा करणारे मोठे फळखाऊ प्राणी तिथे थोडे आहेत. धनेश फळ खातो, बी दूर टाकतो, तिथे झाड उगवते आणि त्या झाडाच्या ढोलीत पुढे कधीतरी मादी स्वतःला चिणून घेऊन अंडी घालते. नर फटीतून तिला आणि पिल्लांना भरवत राहतो. जंगल धनेशाला वाढवते, तसाच धनेशही जंगल लावतो. इथेही शेळ्यांनी घोटाळा केलाच होता. १९६९ पासून बेटावर पोलिस ठाणे आहे. तिथे आणलेल्या शेळ्या रानात शिरल्या, रोपे फस्त होऊ लागली आणि अखेर त्या हटवाव्या लागल्या. तटरक्षक दलाच्या रडारचा प्रस्तावही या बेटासाठी आला. पर्यावरण मंत्रालयाने तो २०१२ मध्ये नाकारला आणि २०१४ मध्ये मान्य केला. हजार पक्षी ही संख्या ऐकायला बरी वाटते, पण सगळे एकाच बेटावर असताना एक रोग किंवा एक वणवाही पुरे होतो, हे निर्णय घेणाऱ्यांनी विसरता कामा नये.

दूरच्या बेटांवरचे प्राणी माणसाला घाबरत नाहीत, असे प्रवासवर्णनांतून नेहमी वाचायला मिळते. यात तथ्य आहे. शिकारी प्राणी नसलेल्या जागी पळण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या गळून पडते. पण न पळणारा प्राणी त्रासलेला नाही असा त्याचा अर्थ होत नाही, म्हणून नियम लागतात. गालापागोसच्या राष्ट्रीय उद्यानात प्राण्यापासून दोन मीटर अंतर राखावे लागते, प्रशिक्षित मार्गदर्शकाशिवाय फिरता येत नाही, आखलेली पायवाट सोडता येत नाही आणि मोठ्यात मोठ्या जहाजावरही शंभर प्रवाशांची मर्यादा आहे. बेट लहान, पाहणारे पुष्कळ, अशा ठिकाणी पाहण्याची रीतच संरक्षणाचा निम्मा भाग असते.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दूरच्या बेटाची आठवण करून देणारी जागा वेंगुर्ल्यासमोर आहे. निवती रॉक किंवा वेंगुर्ला रॉक्स या नावाने ओळखला जाणारा हा खडकांचा पुंजका किनाऱ्यापासून आत समुद्रात आहे आणि तिथे दीपगृह आहे. सागरी नकाशांत त्याला जळकी बेटे अशा अर्थाचे इंग्रजी नाव मिळाले, मात्र ज्वालामुखीशी त्याचा संबंध नाही. तिथल्या गुहांत भारतीय पाकोळ्या हजारोंनी घरटी करतात. काळोखात त्या तोंडाने टकटक असा आवाज काढतात आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट काढतात. घरटे लाळेने चिकटवून बांधलेले असते आणि पूर्व आशियात या लाळेच्या घरट्यांचे सूप मोलाचे मानले जाते. त्यामुळे चोरटी तोड होत राहिली. सुरय पक्ष्यांच्या वसाहती हे या बेटांचे दुसरे वैभव. मुंबईचे पक्षिशास्त्रज्ञ हुमायून अब्दुलअली यांनी वेंगुर्ल्याच्या सुरया आणि पाकोळ्यांवर १९४२ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहिला. याच अब्दुलअलींचा नारकोंडम बेटावरचा लेख १९७४ चा आहे. भारताच्या दोन्ही समुद्रांतली निर्जन बेटे अशी डोळसपणे नोंदवणारा माणूस मुंबईचा होता, ही आपल्या किनाऱ्याच्या इतिहासातली मोलाची गोष्ट आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने पुढे पाकोळ्यांच्या घरट्यांची चोरी थांबवण्यासाठी वेंगुर्ल्यात चिकाटीने काम केले.

आता पुन्हा घारापुरीकडे. बॅरन बेटाचा किनारा सरळ खोल समुद्रात उतरतो. तिथे चिखल साठायला जागाच नाही. घारापुरीचे क्षेत्र मात्र भरतीला सुमारे दहा आणि ओहोटीला सुमारे सोळा चौरस किलोमीटर भरते. सहा चौरस किलोमीटर बेट रोज दोनदा बुडते आणि दोनदा उघडे पडते. म्हाताऱ्या ज्वालामुखी बेटाचे सारे रहस्य या फरकात आहे. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने काळा खडक कुजतो, त्याची चिकट माती होते. ती माती नद्या आणि ओढे खाली आणतात. भरती आणि ओहोटी ती चाळतात आणि खाडीत पसरवतात. जो लाव्हा एकेकाळी बेडकांना गाडत गेला, त्याचाच झिजलेला अंश आज खाडीतल्या जिवांचे अन्न धरून ठेवतो. तरुण बेटावर जीव खडकाला चिकटून असतो. जुन्या बेटाच्या भोवती तो चिखलात असतो.

ठाणे खाडी सुमारे २६ किलोमीटर लांब आहे. तिच्या दोन्ही काठांना तिवर आणि चिपी यांची दाटी, मध्ये पाण्याचा मुख्य प्रवाह आणि ओहोटीला दोन्ही बाजूंना उघडा पडणारा काळसर चिखल. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, तेव्हा मुंबईच्या किनाऱ्यावर पाणी जवळपास पाच मीटर चढते आणि उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, तेव्हा चढउतार बराच कमी असतो. भरतीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते. दिवाळे गावचा कोळी आपले जाळे याच हिशेबाने टाकतो आणि खाडीतला पक्षीही आपला दिवस याच हिशेबाने चालवतो. त्याच्यासाठी सकाळ-संध्याकाळपेक्षा भरती-ओहोटी मोठी. रात्री दोन वाजता चिखल उघडा पडला तर तो रात्री दोन वाजता खातो.

महाराष्ट्र शासनाने ऑगस्ट २०१५ मध्ये ऐरोली आणि वाशी पुलांच्या दरम्यानचा, मुख्यतः पश्चिम काठाकडचा सुमारे १,६९० हेक्टरचा पट्टा ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केला. त्यात ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर जलक्षेत्र आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये भोवतालच्या पट्ट्यासह सुमारे ६,५२१ हेक्टर क्षेत्राला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातले हे तिसरे. लोणार आणि ठाणे खाडी ही दोन्ही दख्खनच्या लाव्ह्यावरची पाणथळे आहेत, एक उल्केच्या आघाताने झालेले आणि दुसरे समुद्राने भरलेले. कांदळवन कक्षाचे सागरी व किनारी जैवविविधता केंद्र ऐरोलीत आहे आणि तिथून हिवाळा व उन्हाळ्यात पक्षी पाहण्यासाठी बोटी सुटतात.

बोटीची वेळ घड्याळ ठरवत नाही, पाणी ठरवते. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात रुतेल आणि पूर्ण भरतीला पक्षी निघून गेलेले असतील. पाणी अर्धे चढलेले किंवा अर्धे उतरलेले असते तेव्हाचा तास-दीड तास खरा. चढत्या पाण्यात रोहितांचे थवे हळूहळू काठाकडे सरकतात, चिखलाची पट्टी अरुंद होत जाते, पक्ष्यांची दाटी वाढते, आणि दुरून गुलाबी रेघ दिसणारा थवा बोटीतून एकेक मान आणि एकेक पाय ओळखू येईल इतका जवळ भासतो. पर्यटकाने तिथीपत्रिका पाहून बेत आखावा हे तांडेलांचे सांगणे त्यामुळे अगदी व्यवहाराचे आहे.

खाडीत रोहितांच्या दोन जाती दिसतात. मोठा रोहित माणसाच्या छातीपर्यंत उंच, फिकट, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित जेमतेम तीन फुटांचा, रंगाने गडद, चोच काळपट किरमिजी. ठाणे खाडीत बहुसंख्य छोट्याचेच. दोघेही डोके उलटे करून खातात, म्हणजे चोचीचा वरचा भाग खाली येतो. जीभ आत-बाहेर होत सेकंदाला अनेक वेळा पाणी ओढते आणि ढकलते, आणि चोचीच्या कडांवरील बारीक पट्ट्यांच्या गाळणीत अन्न अडकते. मोठ्या रोहिताची गाळणी मोठ्या छिद्रांची, त्यामुळे तो कवचधारी जीव आणि किड्यांच्या अळ्या खातो. छोट्याची गाळणी अतिशय बारीक, म्हणून सूक्ष्म शैवाल हेच त्याचे मुख्य अन्न. एकाच चिखलात दोन जाती भांडणाशिवाय जेवतात त्याचे कारण या गाळणीत आहे. पिसांचा गुलाबी रंग शैवालातल्या रंगद्रव्यांतून येतो. राखाडी दिसणारी पिल्ले ती खात खात दोन-तीन वर्षांत रंग धरतात, आणि खाडीत अशा राखाडी पोरांचे थवेही पुष्कळ असतात.

१९९० च्या दशकात शिवडीच्या किनाऱ्यावर रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले आणि पुढे ते ठाणे खाडीत वरपर्यंत पसरले. अलीकडच्या वर्षांत गणतीचे आकडे लाखाच्या वर गेले आहेत. शहराच्या सांडपाण्यातली पोषक द्रव्ये शैवाल वाढवतात आणि म्हणून पक्षी आले, असे स्पष्टीकरण अभ्यासक देतात. ते पटण्याजोगे आहे, पण त्यातून सांडपाणी पक्ष्यांना हिताचे असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल. त्याच पाण्यातून कारखान्यांची जड मूलद्रव्येही येतात, प्राणवायू कमी होतो आणि मासे घटतात. जिताडा, बोय, कोळंबी आणि चिंबोरी यांवर ज्यांचे घर चालते त्या कोळ्यांनी हे अभ्यासकांच्या आधी सांगितले आहे.

रोहितांवरून नजर हटवली तर खाडी अधिक भरलेली दिसते. सैबेरिया आणि मध्य आशियातून आलेले तुतवार आणि चिखल्या हजारोंच्या संख्येने चिखल टोचत असतात. काळ्या शेपटीचे मालगुजे लांब सरळ चोच मुळापर्यंत खुपसतात. उचाट्याची चोच वर वळलेली, तो ती पातळ चिखलावर डावी-उजवीकडे फिरवतो. कोरलीची चोच खाली वळलेली, खेकड्याच्या बिळात नेमकी जाणारी. चोचीची लांबी आणि वळण पाहिले की कोण किती खोलातले खातो ते कळते. गालापागोसच्या पक्ष्यांच्या चोची जगप्रसिद्ध झाल्या. तेवढाच शिकवणारा चोचींचा पसारा ठाणे खाडीच्या काठी दर हिवाळ्यात मांडला जातो, आणि शाळांनी तो मुलांना दाखवायला हवा. चिखलावर निवट्या कल्ल्यांत पाणी धरून सरपटतात आणि उड्या मारतात. तिवरांच्या मुळांत कोल्हा हिंडतो. बंदराच्या बाजूला, घारापुरीकडे जाताना, कुबडधारी डॉल्फिनची पाठ पाण्यावर दिसून जाते.

बोटीने पक्ष्यांना किती त्रास होतो हे पक्षीच सांगतात. खाणाऱ्या थव्यातल्या माना एकामागून एक वर उठू लागल्या तर ती पहिली सूचना. थवा एकाच दिशेने चालू लागला तर दुसरी. त्यानंतर उड्डाण. छायाचित्रात उडता थवा सुंदर दिसतो, पण रोहिताला पळत जाऊन हवेत चढावे लागते आणि त्यात त्याची बरीच शक्ती जाते. एप्रिल-मे महिन्यांत तर पुढच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचा काळ असतो. माना वर दिसताच इंजिन मंद करून बोट जागीच धरणे, थव्याला पाण्याच्या बाजूने घेरू नये अशा रीतीने तिरके जाणे आणि भोंगा न वाजवणे, एवढे पाळणारा तांडेल हा खाडीचा खरा रक्षक आहे.

ज्या गोष्टीकडे बोटीतून पाहणाऱ्याचे लक्ष सहसा जात नाही ती पूर्ण भरतीनंतर घडते. चिखल बुडाला, आता लाखभर पक्षी जातात कुठे? रोहित उभा राहू शकेल एवढे उथळ, कुत्री आणि माणसे पोचणार नाहीत असे आणि चिखलापासून जवळचे पाणी त्याला हवे असते. नवी मुंबईत अशा जागा बेलापूरच्या शेजारीच आहेत. नेरूळचा डीपीएस तलाव, सीवूड्सची एनआरआय पाणथळ आणि टीएस चाणक्यजवळची पाणथळ. ओहोटी लागेपर्यंत पक्षी तिथे एका पायावर उभे राहतात, चोच पिसांत खुपसतात आणि डुलक्या घेतात. या जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर पडतात. २०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट अडली, तलाव सुकला आणि त्या परिसरात रोहित मरून पडू लागले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर विमानाच्या धडकेत जवळपास चाळीस रोहित मेले. आता पनवेल खाडीच्या काठी ८ ऑक्टोबर २०२५ रोजी उद्‌घाटन झालेला नवी मुंबईचा विमानतळही आहे. भरतीच्या जागा शाबूत असल्या तर थवे ओळखीच्या वाटेने ये-जा करतात. त्या हिरावल्या तर ते रात्री-अपरात्री नव्या जागा शोधत फिरतात. पक्ष्यांची आणि विमानातल्या माणसांची सुरक्षितता इथे एकाच तलावाच्या पाण्यावर अवलंबून आहे.

अभयारण्याचा नकाशा ओहोटीचा काढला आणि भरतीचा काढायचा राहिला, असेच म्हणावे लागते. खाडीतला चिखल राखला आणि काठावरचे तलाव भरून टाकले, तर धनेशाला फळझाडे ठेवून ढोल्या तोडण्यासारखे होईल. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांना दिलेल्या संरक्षणामुळे तिवरांची तोड बऱ्याच अंशी आवरली. तिवर तोडले की डोळ्यांना दिसते, तलावाचे तोंड बुजले की दिसत नाही. म्हणून या पाणथळींतली पाण्याची ये-जा दर आठवड्याला तपासणारी, नोंद ठेवणारी व्यवस्था हवी, आणि ती नोंद नागरिकांना पाहता यायला हवी.

२०२२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने ठाणे खाडीतल्या सहा रोहितांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बसवली. त्या पक्ष्यांना नावे दिली गेली. एकाचे नाव सलीम, एकाचे नवी मुंबई आणि एका छोट्या रोहिताचे नाव, वेंगुर्ला आणि नारकोंडमवर लिहिणाऱ्या अब्दुलअलींच्या स्मरणार्थ, हुमायून. पुढे हुमायून गुजरातेत पोचला. कच्छच्या रणात पावसाचे पाणी साचले की रोहित चिखलाचे बुटके उंचवटे रचून त्यावर एकेक अंडे घालतात. भोवती पाणी असल्यामुळे त्या उंचवट्यांपर्यंत कोल्हे-कुत्री सहज पोचत नाहीत. रण सुकू लागले की रोहित पिल्लांसह परततात.

सगळेच जात नाहीत. जून उजाडला की ऐरोलीच्या बोटी बंद होतात, उल्हास नदीकडून आणि डोंगरांवरून गढूळ पाणी खाडीत उतरते, पारसिकच्या उतारांवरून ओढे काळी माती खाली आणतात. मुख्यतः अजून रंग न धरलेले तरुण रोहित तेवढे मागे राहतात. भर पावसात, ओहोटी लागली की ते नव्या गाळावर येऊन माना खाली घालतात.